जनुकं गाळणाऱ्या जिवाकडे जनुकांच्या प्रती कशा वाढतात? चोपड्याहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात, चोपड्याजवळ राहता आणि लघुप्रबंधासाठी ओइकोप्लुरा डायोइका हा इवलासा समुद्री प्राणिप्लवक घ्यायचं मनात आहे. एकीकडे वाचलंत की त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, अगदी आटोपशीर आहे, कितीतरी जनुकं गळून गेलीत. दुसरीकडे वाचलंत की त्याच्या काही जनुककुळांत, म्हणजे एकाच मूळ जनुकापासून आलेल्या जनुकांच्या गटांत, भरपूर द्विरुक्ती झालीय, जादा प्रती तयार झाल्यात. मग तुम्ही विचारता, "द्विरुक्ती म्हणजे जीनोम वाढणं, तर छाटलेल्या जीनोममध्ये ती कशी? आणि ताई, समुद्र इतका लांब असताना घरी लॅपटॉपवर यातलं काही करता येईल का?"

करता येईल. पण काय करायचं हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी अमळनेरची. माझं शिक्षण आपल्याकडचंच, आता कोकण किनाऱ्यावर प्राणिप्लवकांच्या जनुकांवर काम करते. तुमचा गोंधळ कुठून आला असेल याचा अंदाज आहे. आपल्याकडे वर्गात द्विरुक्ती शिकवताना उदाहरण येतं कापसाचं, नाहीतर केळीचं. देशी कापसात 26 गुणसूत्रं, अमेरिकन कापसात 52, कारण त्यात दोन वेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र आले. ग्रँड नैन केळी त्रिगुणित, 33 गुणसूत्रांची. गिरणा धरणावरच्या माशांत बघा, रोहूची 50 गुणसूत्रं आणि सायप्रिनसची (कॉमन कार्पची) 100. उदाहरणं बरोबर आहेत, पण ती सगळी एकाच प्रकारची आहेत. यात अख्खा संच वाढतो. त्यामुळे डोक्यात बसतं की द्विरुक्ती म्हणजे जीनोम फुगणार.

ओइकोप्लुरात असं काही घडलेलं नाही. हा जीव ट्युनिकेट गटातला, म्हणजे पृष्ठवंशीयांचा सगळ्यात जवळचा भाऊबंद. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत अख्खा जीनोम दोनदा दुप्पट झाला, ही कल्पना सुसुमु ओहनो यांनी 1970 च्या सुमारास जोरकसपणे मांडली होती आणि आज ती बहुतेकांना मान्य आहे. पण ट्युनिकेटांची वाट त्याआधीच वेगळी झाली. म्हणून तुम्हाला ओइकोप्लुरात एका जनुकाच्या दोन, तीन, पाच प्रती दिसतील तेव्हा त्या या मोठ्या घटनेतून आलेल्या नाहीत. त्या सुट्या सुट्या, छोट्या घटनांतून आल्यात. गुणसूत्रांची अदलाबदल होताना जोडणी थोडी सरकली की एका बाजूला जनुकाच्या दोन प्रती शेजारी शेजारी येतात आणि दुसऱ्या बाजूला एकही उरत नाही. कधी आरएनएवरून उलट डीएनए तयार होऊन तो भलतीकडे शिरतो. अशा प्रतीत सहसा इंट्रॉन, म्हणजे जनुकाच्या मधले प्रथिन न घडवणारे तुकडे, नसतात, त्यावरून ती ओळखू येते. कधी तुटलेला डीएनए जोडताना एखादा तुकडा दोनदा लिहिला जातो.

आता आकडे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या जीनोमप्रमाणे ओइकोप्लुराचा जीनोम सुमारे 7 कोटी बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) आणि त्यात जवळपास 18,000 जनुकं. माणसाचा 300 कोटींच्या वर, आणि प्रथिनं घडवणारी जनुकं साधारण 20,000. म्हणजे जनुकांच्या संख्येत फरक फार नाही. जी छाटणी झाली ती मुख्यतः जनुकांच्या मधल्या जागेत आणि इंट्रॉनच्या लांबीत. "जीनोम लहान" आणि "जनुकं कमी" ही दोन वेगळी विधानं आहेत. प्रबंधात ती एका वाक्यात घालू नका, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल.

त्यापुढची गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हतनूर धरणाची पातळी पाहून तापीतून किती पाणी आलं आणि दरवाजांतून किती गेलं ते कळत नाही. आवक आणि विसर्ग दोन्ही प्रचंड असून पातळी जागच्या जागी राहू शकते. जनुकांची एकूण संख्या ही ती पातळी आहे. 2000 साली लिंच आणि कॉनरी यांनी माशी, जंत, यीस्ट वगैरेंच्या जीनोमवरून अंदाज काढला तो दर जनुकामागे दहा लाख वर्षांत साधारण 0.01 द्विरुक्तीचा. त्यांचा आकडा या प्राण्यासाठी काढलेला नाही, पण हिशेबाची पातळी समजावी म्हणून घेतला तर 18,000 जनुकांत दहा लाख वर्षांत 180 नव्या प्रती होतात. त्यातल्या बहुतेक काही दशलक्ष वर्षांतच बिघडून मरतात. ओइकोप्लुराची पिढी उबदार पाण्यात, 20 अंशांच्या आसपास, जेमतेम पाच दिवसांची. वर्षाला सत्तर पिढ्या धरल्या तर दहा लाख वर्षांत सात कोटी. एवढ्या पिढ्यांत येणं आणि जाणं दोन्ही सतत चालू राहतं. त्यामुळे "गाळतो की वाढवतो" असा पर्यायच नाही. हा जीव दोन्ही करतो, आणि दोन्ही झपाट्याने.

प्रत उरते कशी, हे समजायला मी विद्यार्थ्यांना सेल्युलोज सिंथेजची गोष्ट सांगते. प्राणी सेल्युलोज बनवत नाहीत हे आपण शाळेत पाठ केलं. ट्युनिकेट बनवतात. त्यांच्या पूर्वजाकडे हे जनुक जिवाणूंकडून आलं, आईबापांकडून नव्हे. सिओना या तळाला चिकटून राहणाऱ्या नातेवाइकात त्याची एक प्रत आहे, ओइकोप्लुरात दोन. एक प्रत डिंभावस्थेत चालते; ती बंद पाडली तर शेपटीवरचा सेल्युलोजचा धागा बनत नाही आणि शेपटीची वाढ बिघडते. दुसरी प्रत नंतर चालू होते, घर बांधण्याच्या कामाला. घर हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. हा जीव स्वतःभोवती सेल्युलोज आणि प्रथिनांचं एक पारदर्शक, गाळण्या असलेलं कवच फुगवतो, शेपटी हलवून त्यातून पाणी खेचतो आणि सूक्ष्म अन्न गाळून खातो. गाळण्या तुंबल्या की घर टाकून देतो आणि नवं फुगवतो, दिवसातून अनेकदा. टाकलेली घरं खाली बुडतात आणि त्यांच्याबरोबर बराच कार्बन खोल समुद्रात जातो. या घरातल्या बहुतेक प्रथिनांसारखं काहीही दुसऱ्या प्राण्यांत सापडत नाही.

एका प्रतीकडे शेपटी आणि दुसरीकडे घर अशी वाटणी झाली की दोघींपैकी एकही गमावणं परवडत नाही. वाटणीमुळे प्रती टिकण्याचा हा विचार 1999 साली फोर्स, लिंच आणि सहकाऱ्यांनी मांडला. मूळ जनुकाला दोन कामं असतात, दोन प्रतींत वेगवेगळा स्विच मोडतो, आणि मग दोन्ही मिळून मूळचं काम पुरं होतं. यात कुठलीही प्रत "सुधारावी" लागत नाही, हे मला फार पटतं. नवं काम मिळाल्यामुळे टिकलेल्या प्रती असतातच, पण विद्यार्थी प्रत्येक द्विरुक्तीला नवं काम चिकटवतात. पुरावा नसेल तर चिकटवू नका.

हरवण्याच्या बाजूला उदाहरणं भरपूर आहेत, थोडक्यात सांगते. शरीराचा पुढून मागे आराखडा ठरवणारी हॉक्स जनुकं नऊच उरली, मधली गेली, आणि जी उरली ती एकत्र न राहता जीनोमभर विखुरली. हे 2004 साली दाखवलं गेलं. भ्रूणाच्या घडणीत संदेश देणाऱ्या रेटिनॉइक आम्लाच्या मार्गातली मुख्य जनुकं गेली, तरी पृष्ठरज्जू, मज्जारज्जू, शेपटी सगळं जागेवर. तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसतं ते एफजीएफ या संदेशक जनुकांचं कूळ. त्याच्या अनेक उपशाखा ओइकोप्लुराच्या गटाने गमावल्या, दोन उरल्या, आणि त्या उरलेल्या दोनांत मात्र द्विरुक्ती होऊन प्रती वाढल्या. गळती आणि वाढ एकाच कुळात. तुम्हाला जे परस्परविरोधी वाटलं ते इथे एकाच झाडावर दिसतं.

मग हा जीनोम इतका घट्ट का राहतो? मला पटणारं उत्तर लोकसंख्येचं आहे. जिथे प्रजननक्षम लोकसंख्या अफाट, तिथे किंचित तोट्याचा जादा डीएनएदेखील निवडीच्या नजरेतून सुटत नाही. लहान लोकसंख्येत तो नुसत्या योगायोगाने साचतो. पण "लहान प्लवक म्हणजे लहान जीनोम" असा नियम करू नका. ओइकोप्लुराच्याच गटात, लार्व्हेशियनांत, मोठ्या देहाच्या जातींचे जीनोम कितीतरी मोठे निघाले, आणि ती वाढ जनुकांच्या प्रतींची नाही, उड्या मारणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांची, म्हणजे ट्रान्सपोझॉनची आहे. कोपेपॉडांत, म्हणजे इवल्या कवचधारी प्लवकांत, कॅलॅनस फिनमार्किकसचा जीनोम माणसाच्या दुप्पट भरतो, आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा.

आता खबरदारीचं बोलते. यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो.

दोन प्रती दिसल्या म्हणजे द्विरुक्ती झाली असं नाही. डाफ्निया पुलेक्स या गोड्या पाण्यातल्या पिसवेचा जीनोम 2011 साली आला तेव्हा त्यात किमान 30,907 जनुकं सांगितली होती आणि त्याचं श्रेय भरमसाट द्विरुक्तीला दिलं होतं. 2017 साली त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाचा अधिक काळजीने जुळवलेला जीनोम आला आणि आकडा 18,440 वर उतरला. डाफ्नियात द्विरुक्त जनुकं नाहीत असा याचा अर्थ नाही, ती आहेतच. पण जनुकांची संख्या प्राण्याइतकीच जुळवणीवरही, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे संगणकाने कसे जोडले यावरही, अवलंबून असते. आईकडची आणि बापाकडची प्रत एकमेकींपासून खूप वेगळी असेल तर संगणक त्यांना दोन जनुकं समजतो. समुद्री प्लवकांत अशी विविधता फार, म्हणून हा धोकाही मोठा.

ओळखायचं कसं? वाचनांची खोली बघा, म्हणजे डीएनएच्या एखाद्या जागेवर वाचलेले किती तुकडे पडतात ते. आईबापांच्या दोन प्रती वेगळ्या मांडल्या गेल्या असतील तर प्रत्येकीवर सरासरीच्या निम्मीच वाचनं पडतात. उलट खऱ्या दोन प्रती चुकून एकात मिसळल्या असतील तर तिथे दुप्पट पडतात. एक पेच लक्षात ठेवा. ओइकोप्लुरा डायोइका हा गटातला नर-मादी वेगळे असलेला एकमेव ज्ञात जीव, आणि नरात एक्स-वाय गुणसूत्रं. नमुना नराचा असेल तर एक्सवर सगळीकडे निम्मीच खोली दिसेल, आणि तिथलं चांगलं जनुक तुम्ही जुळवणीचा दोष म्हणून फेकून द्याल. नमुना कुठल्या लिंगाचा, किती प्राण्यांचा, हे आधी वाचा.

आणखी एक फसवा शब्दप्रयोग. घर बनवणाऱ्या त्वचेच्या पेशी विभागत नाहीत, पण आतला डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करत शेकडो पट करतात. तीही "द्विरुक्ती"च म्हणून लिहिलेली सापडेल. ती त्या देहापुरती, पुढच्या पिढीत जात नाही. तुमच्या विषयात ती येत नाही.

तिसरी गोष्ट शेजाराची. पृष्ठवंशीयांत एखादं जनुक मूळचं कोणतं हे ठरवायला त्याच्या आजूबाजूची जनुकं बघतात. ओइकोप्लुरात हा आधार कच्चा आहे. ओकिनावा, ओसाका आणि बार्सिलोनाकडचे प्राणी दिसायला एकसारखे, पण त्यांचे जीनोम जुळवून पाहिल्यावर जनुकांचा क्रम पार विसकटलेला निघाला, इतका की त्यांना लपलेल्या वेगळ्या जाती म्हणावं लागतं. जनुकं बहुतांशी आपल्याच गुणसूत्राच्या आपल्याच भुजेत राहिली, पण भुजेच्या आत पत्ते पिसल्यासारखी. तुटलेला डीएनए जोडण्याच्या एका नेहमीच्या मार्गातली जनुकं या प्राण्याने गमावलीत. त्याचा या विसकटण्याशी संबंध असावा असा तर्क आहे. शेजार जुळला तर जमेची बाजू धरा, जुळला नाही तर त्यावरून काहीच ठरवू नका.

मग उरतो वंशवृक्ष, आणि तोही सांभाळून. ही जनुकं वेगाने बदलतात, त्यामुळे त्यांच्या फांद्या लांब होतात, आणि लांब फांद्या झाडात खोट्याच मुळाकडे ओढल्या जातात. समजा झाडात ओइकोप्लुराची एक प्रत सिओनाबरोबर बसली आणि दुसरी बाहेर, एकटी. सरळ वाचलं तर अर्थ होतो की द्विरुक्ती दोघांच्या पूर्वजात झाली आणि सिओनाने एक प्रत गमावली. पण एका प्रतीची फांदी फार लांब असेल तर ती नुसती ओढली गेलेली असू शकते. म्हणून मधले नातेवाईक घाला: दुसऱ्या लार्व्हेशियन जाती, दोनतीन असिडियन (सिओनाच्या गटातले). फांदी मध्ये तुटली की झाड बऱ्याचदा सुधारतं. दोन्ही प्रती जर सगळ्या लार्व्हेशियनांत सापडल्या आणि असिडियनांत एकच, तर द्विरुक्ती त्या गटाच्या पूर्वजातली, जुनी. फक्त डायोइकात दोन असतील तर ताजी, आणि तेव्हा वाचनांची खोली नक्की तपासा.

तुमच्या लघुप्रबंधाचं. हे बरंचसं तुमच्या मार्गदर्शकांवर, इंटरनेटवर आणि लॅपटॉपवर अवलंबून आहे. आठ जीबी रॅम असेल तर अख्खा जीनोम जुळवायच्या भानगडीत पडू नका. एकच जनुककूळ घ्या. प्रथिनांचे क्रम एनसीबीआय या अमेरिकी सरकारी माहितीकोशावर मोफत आहेत. ब्लास्टने उमेदवार शोधा, माफ्टने ओळी जुळवा, आयक्यू-ट्रीने झाड काढा. हे सगळं साध्या लॅपटॉपवर होतं, आणि जड काम गॅलक्सीच्या मोफत सर्व्हरवर टाकता येतं. ते तिकडेच चालत राहतं, म्हणजे भारनियमनाची धास्ती नाही. ब्लास्टमध्ये प्रथिनं वापरा, डीएनए नको. इतक्या वेगाने बदलणाऱ्या जिवात डीएनएची जुळणी हातात काही देत नाही. आणि एखादं जनुक "हरवलं" असं लिहिण्याआधी ते किमान दोन वेगळ्या जुळवण्यांत आणि आरएनएच्या माहितीत शोधा. एका जुळवणीत न सापडणं म्हणजे फक्त न सापडणं.

मार्गदर्शकांनी "काहीतरी स्थानिक हवं" असा आग्रह धरला, जे आपल्याकडे बऱ्याचदा होतं, तर गोड्या पाण्याकडे वळा. आपल्या शेततळ्यांत, धरणांच्या काठाच्या पाण्यात डाफ्नियाचे भाऊबंद आणि सायक्लॉप्स मिळतील. सायक्लॉप्स हे नाव आजीआजोबांना विचारा, नारूचा जंत पाण्यातल्या याच जिवातून पोटात जायचा, त्यामुळे नारूच्या प्रचारातून त्यांना ते माहीत असेल. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला आणि हा जीव लोकांच्या विस्मरणात गेला. जीनोमच्या दृष्टीने तो अफलातून आहे. सायक्लॉप्स कोलेन्सिस या जातीत भ्रूणाच्या सुरुवातीच्या विभाजनांतच देहपेशींतला सुमारे 94 टक्के डीएनए काढून टाकला जातो. पूर्ण संच फक्त जननपेशींत राहतो. अशा प्राण्यात "जीनोममध्ये किती प्रती" हा प्रश्न कुठल्या पेशीसाठी विचारताय ते आधी सांगावं लागतं. नमुने गोळा केलेत तर फॉर्मलीनमध्ये टाकू नका. कॉलेजात तीच सवय असते, पण त्याने डीएनएचा चुरा होतो. 95 टक्के इथेनॉल वापरा, पहिल्या दिवशी एकदा बदला, आणि बाटली सावलीत ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर सुरुवात सेल्युलोज सिंथेजपासून करा. कूळ लहान आहे, उत्तर साधारण माहीत आहे, त्यामुळे तुमची पद्धत बरोबर चाललीय की नाही ते लगेच कळेल. सिओना आणि आणखी दोन असिडियन घ्या, ओइकोप्लुराच्या दोन्ही प्रती घ्या, इतर लार्व्हेशियनांतून जे मिळेल ते घ्या. मुळासाठी जिवाणूंचे क्रम लागतील, पण ते इतके दूरचे आहेत की एकदा त्यांच्यासह आणि एकदा त्यांच्याशिवाय अशी दोन्ही झाडं काढा. ते जमलं की मग एफजीएफला हात घाला. झाड तयार झालं की जुळवणीच्या फाइलसकट इथेच टाका. नुसतं चित्र नको, फांद्यांवरचे आधाराचे आकडे दिसले पाहिजेत.